दोन किलो सातशे

प्रसूतिगृहाच्या दारातून सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी छान आहेत." बाकावरचे आम्ही सगळे उठून उभे राहिलो. माझ्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी आई मात्र, म्हणजे त्या क्षणी पणजी झालेली बाई, काठी टेकत पुढे गेली आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, "वजन किती?"

"दोन किलो सातशे, आजी."

"बारीकच म्हणायची," आई पुटपुटली.

पुढच्या तासाभरात नातेवाइकांचे फोन आले, त्या प्रत्येक फोनवर हाच प्रश्न होता. नाक कुणाचं घेतलंय, जावळ किती आहे, नाव काय ठेवणार, हे सगळं नंतर. आधी वजन. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अडीच किलोच्या वर आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. तरी आईच्या मनातून ते जाईना. "परदेशातली बाळं बघ कशी साडेतीन-साडेतीन किलोंची असतात. आपलीच का अशी?"

आईचा प्रश्न रास्त होता. त्याच्या शेजारी मला आणखी एक प्रश्न दिसत होता. माझे मेहुणे, म्हणजे या बाळाचे आजोबा, काडीसारखे बारीक. लग्नातला सदरा त्यांना आजही बसतो. त्यांना बेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला, तेव्हा घरात कुणाचा विश्वासच बसेना. मधुमेह जाड माणसांना होतो ना?

बाळ बारीक का, आणि बारीक माणसाला मधुमेह का? हे दोन प्रश्न वरवर लांबचे वाटतात. पण त्यांची उत्तरं एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, आणि त्यांतला मोठा भाग शोधला गेला तो आपल्याच पुण्यात, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात.

सुइणींच्या वह्या आणि पुण्याची गावं

सुरुवात मात्र इंग्लंडात झाली. हर्टफर्डशायर परगण्यात १९११पासून सुइणींना वह्या दिल्या होत्या. घरोघरी जाऊन बाळंतपणं करायची आणि बाळाचं वजन त्या वहीत लिहायचं, असा शिरस्ता होता. अनेक दशकांनी साउथॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती या वह्या लागल्या. त्यांनी त्यातल्या बाळांचं पुढे काय झालं याचा माग काढला. जन्मतः हलकी असलेली माणसं हृदयविकारानं जास्त प्रमाणात गेली होती. साठीतल्या आजाराचं एक मूळ पाळण्याच्याही आधी, पोटात असतानाच रुजलेलं असू शकतं, असं बार्करांनी मांडलं. सुरुवातीला या म्हणण्याला बराच विरोध झाला.

पुण्यात केईएममधले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक तेव्हा एका कोड्याशी झगडत होते. त्यांच्याकडे येणारे मधुमेही पाश्चात्त्य पुस्तकांत वर्णन केलेल्या मधुमेह्यांपेक्षा तरुण होते आणि बारीकही. केईएममध्येच जन्मलेल्या मुलांची त्यांनी चौथ्या वर्षी तपासणी केली. ग्लुकोज पाजल्यावर कुणाच्या रक्तात साखर आणि इन्सुलिन जास्त चढतं हे पाहिलं. जन्मतः हलक्या असलेल्या मुलांत ते जास्त चढत होतं. वय वर्षं चार!

मग १९९३मध्ये सुरू झाला तो 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी', म्हणजे आईच्या पोषणाचा पुणे अभ्यास. केईएमला गावांत काम करण्याची सवय होतीच. डॉ. बानू कोयाजींनी एका छोट्याशा प्रसूतिगृहाचं मोठं रुग्णालय केलं आणि सत्तरच्या दशकात वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. रुग्णालयानं रुग्णाच्या उंबऱ्यापर्यंत जायचं, ही त्यांची शिकवण इथल्या माणसांत मुरलेली होती.

पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवरची सहा गावं निवडली. कोरडवाहू, दुष्काळाची सवय असलेली. जवळपास अडीच हजार विवाहित स्त्रिया अभ्यासात आल्या. कार्यकर्त्या दर महिन्याला त्यांच्या घरी जाऊन पाळीची तारीख लिहून घेत. का? तर दिवस राहायच्या आधीची नोंद हवी होती. पोट दिसायला लागल्यावर येणाऱ्या बाईचं आधीचं काहीच कळत नाही. त्या काय खातात, किती खातात, पाणी किती लांबून आणतात, शेतात किती वेळ राबतात, सगळं टिपलं. बाळ जन्मल्यावर ७२ तासांच्या आत त्याची मापं घेतली, आणि ती सातशेहून अधिक बाळं आज तिशीच्या आसपास पोचली तरी त्यांची विचारपूस थांबलेली नाही. दर महिन्याला उन्हातान्हातून दारोदार हिंडलेल्या त्या कार्यकर्त्यांची नावं कुठल्या मथळ्यात आली नाहीत. मला मात्र या साऱ्या कथेत त्यांचंच मोल सर्वांत मोठं वाटतं.

या आयांची सरासरी मापं वाचताना पोटात कालवतं. वय २१, उंची १५२ सेंटिमीटर, वजन सुमारे ४२ किलो. रोजचा आहार अठराशे कॅलरींच्या आत, प्रथिनं ४५ ग्रॅम. आणि पूर्ण दिवसांच्या बाळाचं सरासरी वजन? दोन किलो सातशेच्या जरासं खाली.

वजनकाट्याला न दिसलेली गोष्ट

आता खरी गंमत. पुण्याच्या या बाळांची मापं साउथॅम्प्टनच्या बाळांच्या मापांशी ताडून पाहिली. तिथली बाळं सरासरी साडेतीन किलोंची. आपली बाळं आठशे ग्रॅमनं कमी, तर सगळीकडूनच सारखी कमी असतील, असं कुणालाही वाटेल. सदरा एक माप लहान घेतला की बाह्या, छाती, लांबी सगळंच जसं लहान होतं तसं.

तसं नव्हतं. सर्वांत जास्त तूट पोटाच्या घेरात होती. पोटाच्या घेरात यकृत, मूत्रपिंडं, स्वादुपिंड असे महत्त्वाचे अवयव बसतात. दंडाचा घेरही बराच कमी होता, म्हणजे स्नायू कमी. डोकं आणि लांबी त्या मानानं बरी. आणि खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत कातडी धरून मोजतात ती चरबी? ती सर्वांत जास्त शाबूत होती.

म्हणजे आपलं बाळ काट्यावर बारीक, पण आतून चरबीदार. २००३मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि तेव्हापासून 'बारीक पण चरबीदार भारतीय बाळ' ही कल्पना जगभरच्या वैद्यकात रूढ झाली. पुणे शहरात जन्मलेल्या बाळांच्या नाळेतलं रक्त लंडनच्या गोऱ्या बाळांच्या रक्ताशी ताडलं, तर आपल्या बाळांत इन्सुलिन जास्त आढळलं. वर्षानुवर्षं वडापाव आणि मिठाई खाऊन झालेली ही गोष्ट नव्हे. ती घेऊनच बाळ जन्माला आलं होतं.

हीच गोष्ट मोठ्या माणसांत कशी दिसते, याचं एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलं. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे. एक स्वतः याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या प्रमाणात वजन किती, हे सांगणारा आकडा, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, दोघांचाही नेमका सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. माझ्या मेहुण्यांना मी हे छायाचित्र दाखवलं, तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले. "म्हणजे माझा सदरा मला फसवत होता," ते म्हणाले.

वारेची जाळी

हे घडतं कसं, ते समजायला बाळाचं जेवण त्याच्यापर्यंत कसं पोचतं हे पाहावं लागेल. अनेकांना वाटतं की आईचं रक्त नाळेतून थेट बाळात जातं. तसं नसतं. दोघांची रक्तं सहसा एकत्र मिसळत नाहीत. मध्ये असते वार.

पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलो वजनाची, भाकरीसारखी गोल आणि चपटी. मावळात-मुळशीत पावसाळ्यात भाताची खाचरं पाहिली असतील. रोप चिखलपाण्यात उभं असतं, त्याची बारीक मुळं पाण्यात पसरलेली असतात, आणि ते चिखलपाणी जसंच्या तसं रोपात न शिरताही मुळं त्यातून हवं ते ओढून घेतात. वारेत असंच असतं. आईचं रक्त खाचरातल्या पाण्यासारखं भरून येतं आणि बाळाच्या बाजूचे केसांसारखे बारीक तंतू त्यात बुडालेले असतात. हे सगळे तंतू उलगडून पसरले तर एखादी लहान खोली भरून जाईल एवढं त्यांचं क्षेत्रफळ होतं.

या तंतूंतून सगळं सारख्या सहजतेनं जात नाही. साखर उतारावरून पाणी वाहावं तशी जाते. आईच्या रक्तात जास्त, बाळाकडे कमी, म्हणून ती आपोआप तिकडे वाहते. प्रथिनांचे घटक मात्र पंपानं चढवावे लागतात, त्याला वार स्वतःची शक्ती खर्च करते. आणि आईचं इन्सुलिन पलीकडे जातच नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाणीकपात

आता समजा, खाचरातच कमी आलं. आई स्वतः अर्धपोटी, त्यात दिवसभर राबणारी. पुणे अभ्यासात जास्त अंगमेहनत करणाऱ्या आयांची बाळं लहान निघाली होती. कमी आलेलं बाळ वाटून कसं घेतं?

पुणेकरांना हे समजावून सांगायला फार कष्ट नकोत. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मे महिन्यात पाणी तळाला गेलं की काय होतं? पिण्याचं पाणी आधी राखून ठेवतात. दौंड-इंदापूरकडे जाणाऱ्या कालव्याचं आवर्तन पुढे ढकललं जातं किंवा कमी होतं. शहराचे नळ चालू राहतात, पण खाली कुठेतरी ऊस वाळतो.

गर्भातलं शहर म्हणजे मेंदू. रक्त कमी पडलं की बाळाच्या रक्तवाहिन्या आपलं वळण बदलतात. मेंदूकडचा प्रवाह शक्यतो टिकवला जातो, आणि स्नायू, यकृत, मूत्रपिंडं, स्वादुपिंड यांचं आवर्तन लांबतं. हे शहाणपणच आहे, कारण मेंदू नसेल तर बाकीचं काय कामाचं? पण वाळलेला ऊस पुढच्या पावसात पुन्हा लावता येतो. इथे काही पिकांचा हंगाम एकदाच येतो. मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या ३६व्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण होतात, नंतर आयुष्यभर एकही नवी बनत नाही. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचा पायाही जन्माआधी आणि पहिल्या काही वर्षांतच घातला जातो.

चरबी का राखली जाते, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. एक मत असं, की चरबी ही मेंदूसाठी ठेवलेली ठेव आहे. जन्मानंतर दूध नीट मिळेपर्यंत ती कामी येते. मला ही कल्पना पटते, पण ती अजून कल्पनाच आहे.

आता मेहुण्यांकडे वळू. जेवणानंतर रक्तात येणारी साखर साठवायचं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठारं कमी, आणि साखर कोठारात भरून घेणारं इन्सुलिन बनवणारा कारखानाही लहान. गावाकडे कष्टाचं आयुष्य आणि बेताचं अन्न असतं तोवर हे निभतं. तो माणूस शहरात आला, खुर्चीत बसला, दोन्ही वेळा भात-पोळी आणि मधल्या वेळी फरसाण आलं, की साखर ठेवायची कुठे? ती रक्तात राहते. मेहुण्यांचा जन्म १९७२च्या दुष्काळातला. त्यांच्या आईनं दुष्काळी कामावर खडी फोडली होती. एका माणसावरून सिद्ध काहीच होत नाही, हे मी जाणते. तरी त्यांच्या आईचा तो काळ मला आता वेगळा दिसतो.

हमालाविना उभे ट्रक

मग आईनं दोघांचं जेवायचं, की झालं? इथे पुणे अभ्यासानं दुसरा धक्का दिला. एकूण कॅलरी आणि प्रथिनं यांचा बाळाच्या आकाराशी फारसा घट्ट संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. पोट भरण्याला महत्त्व आहेच, पण त्याहून बारीक काहीतरी कामाला लागलेलं होतं.

त्यातलं एक नाव पुढे आलं बी-१२. अभ्यासातल्या जवळपास दोन तृतीयांश आयांच्या रक्तात ते कमी होतं. फोलेट नावाचं दुसरं जीवनसत्त्व मात्र जवळजवळ सगळ्यांना पुरेसं होतं. ही मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तर ज्यांच्या आयांचं बी-१२ सर्वांत कमी आणि फोलेट सर्वांत जास्त होतं, त्या मुलांच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम सर्वांत कमी होत होता.

या दोघांचं नातं मार्केट यार्डात जाऊन पाहा. पहाटे ट्रक माल घेऊन येतात. पण गोणी खाली उतरवायला हमाल नसेल तर ट्रक तसेच भरलेले उभे राहतात, आणि गाळ्यात माल नाही म्हणून ओरड सुरूच राहते. आणखी ट्रक पाठवून काही होत नाही, फक्त गर्दी वाढते. फोलेट म्हणजे ट्रक, बी-१२ म्हणजे हमाल. आणि माल? मिथाइल नावाचा एक चिमुकला रासायनिक गट. पेशींना नवीन डीएनए बनवायला हा व्यवहार सुरळीत चालावा लागतो, आणि कुठली जनुकं चालू ठेवायची, कुठली बंद, हे ठरवायलाही.

जनुकं म्हणजे घरातली पाककृतींची वही समजा. यकृताच्या पेशीत आणि स्नायूच्या पेशीत वही तीच असते. पण प्रत्येक पेशीला सगळे पदार्थ करायचे नसतात. म्हणून नको त्या पानांना टाचणी लावून ती बंद केली जातात. मिथाइल गट म्हणजे या टाचण्या. वहीतलं अक्षर बदलत नाही, फक्त कुठलं पान उघडतं ते बदलतं. गर्भाच्या पहिल्या दिवसांत जुन्या बहुतेक टाचण्या काढून नव्यानं लावल्या जातात. त्याच वेळी टाचण्यांचा तुटवडा असेल तर? नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे भयंकर उपासमार झाली. त्या काळात ज्यांचा गर्भ नुकताच रुजत होता, त्यांच्या एका जनुकावरच्या या टाचण्या साठ वर्षांनंतरही वेगळ्या आढळल्या.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगते. फोलिक अॅसिडची गोळी बंद करायची नाही. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी नीट मिटावी म्हणून ती अत्यावश्यक आहे, आणि ती दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायची असते. मुद्दा एवढाच, की सोबत बी-१२ही पुरेसं आहे ना, हे डॉक्टरांना विचारावं.

बी-१२ कुठलंच झाड बनवत नाही. ते जिवाणू बनवतात आणि आपल्याला मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून. दिवसाची गरज फक्त दोन-अडीच मायक्रोग्रॅम, मिठाच्या एका कणाहूनही कितीतरी कमी. पण दूध घरात येतं ते जातं चहात. चहातलं दोन चमचे दूध म्हणजे दूध पिणं नव्हे. पुन्हा पुन्हा, खूप वेळ उकळलेल्या दुधातलं बी-१२ही काही प्रमाणात नाहीसं होतं.

चौकट: कधी काय घडतं

आजीच्या पोटात: मुलीचा गर्भ २० आठवड्यांचा होतो, तेव्हा तिच्या बीजकोशांत ६०-७० लाख बीजं तयार असतात. जन्माच्या वेळी १०-२० लाख उरतात. नवीन बनत नाहीत.

गर्भ राहिल्यापासून २८ दिवस: मेंदू आणि मज्जारज्जूची नळी मिटते. अनेकींना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं.

पहिले तीन महिने: सर्व अवयवांची मांडणी.

२४ ते २८ आठवडे: ग्लुकोज पिऊन साखरेची तपासणी. आपल्याकडे ती पहिल्या भेटीतही करायची असते.

सातवा महिना: डोहाळजेवण.

शेवटचे दोन-अडीच महिने: बाळाचं वजन आणि चरबी झपाट्यानं वाढते.

साखर पलीकडे जाते, इन्सुलिन जात नाही

कमतरतेची बाजू पाहिली. जास्तीचीही आहे, आणि आजच्या पुण्यात ती वाढते आहे. गर्भारपणात वार काही हार्मोन सोडते, त्यामुळे आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. बाळाकडे साखर जावी म्हणून केलेली ही सोय आहे. निरोगी आईचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून तोल सांभाळतं. पण ती आई स्वतःच कधीकाळी बारीक-चरबीदार बाळ म्हणून जन्मली असेल, तिचा कारखानाच लहान असेल, तर तोल जातो. याला गर्भारपणातला मधुमेह म्हणतात.

मग आईची वाढलेली साखर उतारावरून बाळाकडे वाहते. इन्सुलिन मात्र अलीकडेच राहतं. बाळाच्या कोवळ्या स्वादुपिंडाला स्वतःचं इन्सुलिन ओतावं लागतं, आणि इन्सुलिन हे चरबी साठवायला लावणारं संप्रेरक. बाळ गुटगुटीत होतं. वजन ऐकून घरचे खूश होतात. पण हे बाळसं खरं नव्हे, आणि पुढे या बाळालाही मधुमेहाचा धोका जास्त. बाळ मुलगी असेल, तर तिच्या गर्भारपणात हेच चक्र पुन्हा फिरतं. म्हणून "आमच्यात कुणाला नाही, कशाला ती तपासणी" असं म्हणणाऱ्या घरच्यांचं मुळीच ऐकू नये.

ताट कधी वाढायचं?

आपल्याकडे डोहाळे पुरवण्याची रीत फार गोड आहे. सातव्या महिन्यात हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, वाटीखाली झाकलेला पेढा की बर्फी. मला हे सगळं मनापासून आवडतं. पण चौकटीतल्या तारखा पाहा. ताट पहिल्यांदा सजतं तोवर अवयव मांडून झालेले असतात.

हाच विचार मुंबईत पडताळून पाहिला गेला. २००६पासून तिथल्या वस्त्यांमधल्या सहा हजारांवर स्त्रियांना दिवस राहण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला. निम्म्या स्त्रियांच्या खाऊत पालेभाज्या, फळं आणि दूध. हा खाऊ गर्भ राहण्याच्या निदान तीन महिने आधीपासून खाल्लेल्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनं वाढलं. आकडा लहान वाटेल. आणि आई फार कृश असेल तर फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण आणखी एक निकाल आला: गर्भारपणातला मधुमेह दुसऱ्या गटात १२.४ टक्के, तर या गटात ७.३ टक्के. रोजच्या एका खाऊनं!

पुण्यात त्याहीपुढची पायरी गाठली. १९९०च्या दशकात त्या सहा गावांत जन्मलेली मुलं-मुली मोठी झाली, तेव्हा २०१२पासून त्यांनाच, लग्नाच्या आधी, बी-१२ची रोजच्या गरजेएवढी छोटी मात्रा देऊन अभ्यास सुरू झाला. मुलींबरोबर मुलांनाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मग त्यांची लग्नं झाली, बाळं झाली, आणि आजी-आई-बाळ अशा तीन पिढ्यांच्या नोंदी एकाच रुग्णालयात जमा झाल्या.

हे वाचताना मला आनंदीबाई जोशी आठवतात. चौदाव्या वर्षी आई झाल्या, बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं. त्या दुःखातून त्या फिलाडेल्फियाला गेल्या, १८८६मध्ये डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच. आणि १८८७च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षंही पूर्ण झाली नसताना, पुण्यात वारल्या. जिचं स्वतःचं अंग अजून वाढतंय, तिच्या पोटात दुसरा जीव वाढू लागला की एकाच ताटावर दोघी बसतात.

बाळ आल्यानंतरचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर घरोघरी बरंच बोललं जातं. सहा महिने फक्त आईचं दूध, गुटी नको, मध नको, पाणीही नको. बाळंतिणीला अळीव-डिंकाचे लाडू जरूर द्यावेत, पण लाडवांवर भागवू नये, शेपू-मेथी आणि दूध-दहीही पानात असावं. आणि मूल तीन-चार वर्षांचं झाल्यावर "बारीक जन्मलंय, भरून काढू" म्हणून बिस्किटं-साखर भरवू नये. स्नायूंची कोठारं त्यानं भरत नाहीत, फक्त चरबी वाढते. ते अंगणात धावायला हवं.

बारसं

बारशाच्या दिवशी घर भरलं होतं. तुळशीबागेतून आणलेली झबली-टोपडी खाटेवर मांडलेली, स्वयंपाकघरात घुगऱ्या शिजत होत्या. पाळण्यात आमची दोन किलो सातशे, आता तीन किलो तीनशेची झालेली, मुठी आवळून झोपली होती. मी आईला हळूच सांगितलं, "हिच्या पोटात आत्ताच हिच्या मुलांची बीजं आहेत. लाखांनी. आणि ती तयार झाली आपल्या पोरीच्या पोटात असताना."

आई काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हिच्या आईचं बीज माझ्या लेकीच्या…"

"त्याच्याही मागे जा, आई. ज्या बीजातून हिची आई झाली, ते तुझ्या पोटात तयार झालं. ताईच्या वेळी."

आईचा हात काठीवरून सुटला. ताई झाली तेव्हा घरात पहिल्यांदा पुरुषांची पंगत उठायची, मग मुलांची, आणि सुनांच्या वाट्याला भांड्याच्या तळाशी राहील ते यायचं. हे तिनं मला आधी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी, पाळण्याच्या दोरीशी बसून, तिनं ते सांगितलं.

तेवढ्यात माझ्या भाचीची, म्हणजे बाळाच्या आईची, धाकटी बहीण क्लासवरून आली. नववीत आहे. दप्तर टाकून ती बाळाकडे धावली. आईनं तिचा हात धरला.

"सकाळी काय खाऊन गेली होतीस?"

"चहा-बिस्किट. उशीर झाला होता गं आजी."

आई उठली, वाटीभर घुगऱ्या आणि वाटीभर दही घेऊन आली. नाव ठेवायला सगळे पाळण्याभोवती खोळंबले होते. आईनं कुणालाच दाद दिली नाही. धाकटीच्या दोन्ही वाट्या रिकाम्या होईपर्यंत ती तिच्यासमोरून हलली नाही.